केयूरच्या पुढ्यात वाढलेलं पान

पवई तलावाच्या कठड्याशी दोघी आल्या तेव्हा अक्षताच्या उजव्या टाचेला फोड आलाच. तिने कठड्याला धरून पाय उलटा केला, फोड बघितला आणि पुन्हा चालायला लागली. भांडुपहून निघताना रस्ता गार होता. आता ऊन डांबरात उतरलं होतं आणि मेट्रोच्या खांबांच्या सावल्या पकडत ती लंगडीच्या खेळासारखी पावलं टाकत होती.

"घाल गं माझ्या चपला थोडा वेळ," सुलक्षणा म्हणाली. "देवी काय सीसीटीव्ही लावून बसलीय?"

"तूच घाल. नवस माझा आहे."

"पण कसला ते सांगशील की नाही? भांडुपवरून जोगेश्वरीच्या गुंफेपर्यंत अनवाणी! तुझी आई म्हणाली, बाबांच्या गुडघ्यांसाठी."

"आईला तसंच सांगितलंय."

दोघी भांडुपच्या एकाच मराठी शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. सुलक्षणा आता त्याच शाळेत शिकवते. शिवाय वस्तीच्या नवरात्र मंडळाचा जो अंक निघतो, त्यात दरवर्षी वस्तीतल्या एका माणसाची ओळख लिहून देते. यंदा मंडळाने अक्षताचं नाव सुचवलं होतं. गिरणी कामगाराची मुलगी, अंधेरीच्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, असं काहीतरी छान येईल म्हणून. सोबत चालायला आलेय तर बोलणंही होईल, असा सुलक्षणाचा हिशेब.

"लिहिणार असशील तर खरं लिही हां," अक्षता म्हणाली. "तुझ्या लेखात शेवटी सगळे गोड होतात. गेल्या वर्षी प्रेमाकाकूंचं लिहिलंस. जावेशी भांडण, आणि शेवटी दोघी मिळून करंज्या करतायत. काकू मला म्हणाल्या, मी त्या बयेच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही, हिने करंज्या कुठे बघितल्या?"

सुलक्षणाला हसू आलं आणि वाईटही वाटलं. "अंक देवीच्या पायाशी ठेवतात गं. तिथे कडू कसं ठेवायचं?"

अक्षताच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने काढून बघितला. केयूर सर. सकाळपासून तिसऱ्यांदा. तिने फोन तसाच परत ठेवला आणि पर्सची चेन ओढली.

"हाच नवस," ती म्हणाली. "केयूरचं तोंड सगळ्यांसमोर काळं होऊ दे, मी तुझ्याकडे अनवाणी येईन. असं बोलले होते. झालं. म्हणून चाललेय."

सुलक्षणा चालता चालता थांबली. तिचा हात आपोआप गळ्यातल्या ताईताकडे गेला. "देवीकडे असलं मागतात?"

"मग तिच्या हातात ती शस्त्रं कशाला दिलीयत? भाजी चिरायला?"

त्या पुढे चालू लागल्या, आणि पवई मागे पडेपर्यंत अक्षता बोलत राहिली.

अक्षताचं काम टेस्टिंगचं. नवं ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी ते उलटंपालटं करून वापरायचं आणि त्यातल्या चुका हुडकायच्या. चूक म्हणजे बग. तो सापडला की कंपनीच्या ट्रॅकरवर त्याची नोंद करायची. तिथे प्रत्येक बगला स्वतःचं एक पान असतं. ज्यांनी ॲप बनवलं ते ती चूक दुरुस्त करतात, किंवा 'हा बग नाहीच' म्हणून पान बंद करून टाकतात. केयूर या बनवणाऱ्यांचा प्रमुख. पार्ल्याचा, इंग्रजी शाळेतला, दिसायला नीटनेटका. घरी मराठीच बोलणारा. पण मीटिंगमध्ये कुणाच्या तोंडून मराठी निसटलं की भुवया वर करणारा.

तेव्हा काम चाललं होतं डायलिसिसच्या पेशंटांसाठीच्या ॲपचं. घरूनच फोनवर नंबर लावायचा, वेळेला जायचं, मशीन तयार. अक्षता ते वापरून बघत होती. नंबर लावला आणि सहज मागे जायचं बटण दाबलं, तर नंबर गुपचूप रद्द झाला. फोनवर मात्र 'लागला' असंच दिसत होतं. ज्या माणसाचं रक्त मशीनवर साफ करावं लागतं, तो रिकाम्या हाताने परत गेला तर?

तिने घाईघाईने पान लिहिलं. घाईत माणूस आपल्याच भाषेत विचार करतो. आपण नंबर लावतो, आपला नंबर लागतो, आपला नंबर जातो. अक्षताने तेच शब्दाला शब्द इंग्रजीत घातलं. पेशंट इज पुटिंग नंबर. ही इज गोइंग बॅक. नंबर इज गोइंग.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये केयूरने ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर थोडा थांबला. "नंबर इज गोइंग व्हेअर? गावाला?"

सगळे हसले. दिल्लीचे, बंगलोरचे, पडद्यावरून सामील झालेले सुद्धा. केयूरने पेशंटचा मोबाइल नंबर लिहायची चौकट उघडून दाखवली. नंबर टाकला, नंबर राहिला. मग सर्वांसमोर पान बंद केलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'नंबर इज फाइन. युवर इंग्लिश इज नॉट.' तेव्हापासून मजल्यावर तिचं नाव पडलं, नंबर मॅडम.

"त्याला कळलं नसेल गं खरंच," सुलक्षणा म्हणाली. "इंग्रजी शाळेतला ना. नंबर म्हटल्यावर त्याला फोनचाच आठवला असेल."

"मलाही तसंच वाटलं. दुपारपर्यंत." अक्षताने पदराने मान पुसली. "दुपारी कॅन्टीनमध्ये डोशाच्या रांगेत उभी होते. हा मागून आला. खांद्याला हात लावून म्हणतो, अक्षता, माझापण नंबर लाव ना, एक फोन करून येतो."

सुलक्षणाने वळून तिच्याकडे बघितलं.

"कळलं? त्याला सगळं येत होतं. नंबर लावणं म्हणजे काय, ते त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. चारचौघांत हसं करायला एक मराठी बाई मिळाली, म्हणून त्याने पेशंटचा नंबर घालवला."

"मग तू काय केलंस?"

"लावला की त्याचा नंबर. मसाला डोसा घेऊन दिला हातात." अक्षता हसली, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं.

तिने ते पान पुन्हा उघडलं. केयूरने पुन्हा बंद केलं. तिने आणखी एकदा उघडलं, स्क्रीनची चित्रं जोडली. त्याने चित्रं न बघता बंद केलं. ॲप लोकांच्या हाती गेलं.

घाटकोपरच्या एका केंद्रावर द्रौपदीबाई नावाच्या म्हाताऱ्या सकाळी येऊन बसल्या. फोनवर नंबर दिसत होता, केंद्राच्या यादीत नव्हता. आज बघू, उद्या बघू करत त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी छातीत पाणी भरून रुग्णवाहिकेतून मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. वाचल्या. कंपनीतर्फे माफी मागायला कुणाला पाठवायचं, तर अक्षताला. ती फळं घेऊन गेली. म्हातारीचे हात सुजून पावासारखे झाले होते. तिने अक्षताचं मनगट धरलं आणि विचारलं, "माझा नंबर कुठे गेला गं बाय?"

अक्षताने जे लिहिलं होतं तेच. तसंच्या तसं.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मृणालिनी मॅडम, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, स्वतः बसल्या होत्या. केयूरने ट्रॅकरचं ते पान पडद्यावर लावलं. जुन्या पानाची मांडणी अशी, की वर ठळक अक्षरात बग शोधणाऱ्याचं नाव. खाली पंचवीस-तीस करडे डबे, तारखा, खुणा, आकडे. पान कुणी बंद केलं आणि काय म्हणून, ते सगळ्यात तळाला 'अधिक माहिती' नावाच्या, दाबलं तरच उघडणाऱ्या घडीत. ती घडी कुणी उघडत नसे. केयूर म्हणाला, "धिस इज अक्षताज बग. नीट सांगितलंच नाही तर आम्ही काय करणार?"

अक्षताचा बग. जणू तिनेच घरून करून आणला होता.

"घडी उघडा ना, असं म्हणायचंस!" सुलक्षणा चिडून म्हणाली. एव्हाना तिला देवीचा विसर पडला होता.

"म्हटलं. मॅडमना फोन आला, त्या बाहेर गेल्या. मीटिंग संपली." टेस्टिंगच्या प्रमुखाची जागा तिला मिळायची होती, ती दुसऱ्याला दिली. त्या संध्याकाळी ती घरी न जाता जोगेश्वरीच्या गुंफेत उतरली. अधूनमधून शुक्रवारी ती जायचीच. अंधारात देवीपुढे उभी राहिली आणि तो नवस बोलली. बोलताना आवाज जरासुद्धा कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

पुढे देवीने केलं की केयूरनेच केलं, कोण जाणे. ट्रॅकरचं पान फार किचकट झालंय, नव्याने मांडायला हवं, असं मॅडमनी काढलं. हे काम कुणालाच नको होतं. केयूर म्हणाला, "अक्षताला द्या की. रंगीत डबे इकडचे तिकडे करायचे, त्याला इंग्रजी लागत नाही."

अक्षताने मान डोलावली. "चालेल सर," म्हणाली.

पण डबे इकडचे तिकडे करून होईना. ती रोज संध्याकाळी कागदावर चौकोन काढायची आणि खोडायची. सगळंच महत्त्वाचं वाटायचं. गणपतीची सुट्टी लागली, तरी डोक्यात चौकोनच. घरी नैवेद्याचं केळीचं पान वाढताना तिचा हात थांबला. बाबा, म्हणजे दत्ताराम, गुडघ्यांना तेल लावत दारात बसले होते. म्हणाले, "काय गे चेडवा? पान वाढूक इसारलंस?"

"ऑफिसचं पान मांडायचंय बाबा. कुठे काय ठेवू तेच कळत नाही."

"त्येका काय कळूचा हा? जेवतल्याचो हात पयलो खंय जाता, ता बघ."

जेवणाऱ्याचा हात आधी कुठे जातो? अक्षताने समोरच्या पानाकडे बघितलं. मीठ वर, लिंबाची फोड त्याच्या शेजारी. चटणी-कोशिंबीर डावीकडे, जिभेला लागेल एवढीच. भाजी उजवीकडे. मधोमध भाताची मूद. आजीच्या आजीपासून कुणी जागा बदलली नव्हती. डावीकडचं उजवीकडे वाढलं तर पाहुणा न बोलता उठून जाईल. ट्रॅकरच्या जुन्या पानात नेमकं तेच झालं होतं. भात तळाला घडीत घातला होता आणि चटणीचा डोंगर मधोमध.

तिने नवं पान वाढलं. सर्वांत वर, काय बिघडलं तर पेशंटचं काय होईल, एका वाक्यात. त्याच्या खाली पानभर रुंद पट्टी, पान कुणी बंद केलं आणि काय कारण दिलं, लिहिणाऱ्याच्याच शब्दांत. किती वेळा पुन्हा उघडावं लागलं, तेही तिथेच. बग शोधणाऱ्याचं नाव डावीकडे, चटणीच्या जागी, बारीक. तिने नवं असं एक अक्षरही घातलं नाही. होतं तेच. फक्त जागा बदलल्या.

मॅडमनी बघून विचारलं होतं, "अक्षता, हे कुणावरचा राग काढायला केलेलं नाही ना?"

"पेशंटच्या सोयीचं आहे मॅडम," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. चौकोन आखताना तिच्या डोळ्यांपुढे पेशंट होता आणि केयूरही होता. कोण आधी आला, हे तिने कधी स्वतःला विचारलं नाही.

नवं पान चालू झालं. आठवडाभरात घाटकोपरच्या केंद्राच्या डॉक्टर रत्नप्रभा कामाचा आढावा घ्यायला आल्या. जुने बग एकेक करून उघडले. द्रौपदीबाईंचं पान आलं. भिंतीएवढ्या पडद्यावर, पेशंटचा डायलिसिसचा नंबर जातो, आणि खाली रुंद पट्टीत केयूरचं नाव. नंबर इज फाइन. युवर इंग्लिश इज नॉट. तीनदा बंद.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "हे जरा मोठ्याने वाचाल का?" त्या केयूरला म्हणाल्या.

त्याला वाचावं लागलं. कुणी हसलं नाही.

"त्याचा चेहरा बघितलास?" सुलक्षणाने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"मन भरून बघितला."

सीप्झची गर्दी मागे टाकून त्या हायवेकडे वळल्या होत्या. सुलक्षणा हळूच म्हणाली, "बाकीच्यांचीही नावं वर आली असतील ना गं?"

अक्षताची पावलं जरा मंदावली. "जान्हवीचं आलं. नवीन पोरगी. साधी चूक होती, नीट कारणही लिहिलं होतं तिने. पण मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव बघून बाथरूममध्ये जाऊन रडली. मी समजवायला गेले तर म्हणाली, ताई, तुमच्या भांडणात माझं नाव कशाला टांगलंत? तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."

"मग?"

"मग काय. जान्हवी नाही बोलणार. सोसेन तेवढं."

फोन परत थरथरला. सुलक्षणाने पर्सकडे बघितलं. "काय पाहिजे त्याला?"

"सोमवारी मॅडम ठरवणार, त्याला ठेवायचा की काढायचा. त्याआधी ते एक पान पुन्हा घडीत घाल म्हणतो. बाकीची राहू देत, म्हणे. तेवढं एकच." अक्षताने बोटं झटकली. "मला एक मिनिटाचं काम आहे."

"बायकामुलं आहेत त्याला?"

"एक मुलगी आहे. गोड आहे. दसऱ्याला ऑफिसात आणतो, सगळ्यांना आपट्याची पानं वाटते." तिने सुलक्षणाकडे सरळ बघितलं. "सगळं माहितीये मला, सुलु. माहीत असूनच चाललेय."

गुंफेच्या तोंडाशी ओटी भरणाऱ्या बायकांची रांग पायऱ्यांवरून वळली होती. नवरात्राचा त्या दिवशीचा रंग हिरवा होता, बायकाही सगळ्या हिरव्या. खाली दगडी अंधारात थंडावा होता, वरून पाणी ठिबकत होतं. अक्षताने ओल्या पायरीवर तळवे टेकले आणि डोळे मिटले. मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, पुढे सरका, नंबर जाईल तुमचा."

फोन वाजला. या वेळी अक्षताने तो उचलला. दगडाला आवाज लागतो म्हणून की काय, केयूरचं बोलणं सुलक्षणालाही ऐकू येत होतं.

"अक्षता, प्लीज. अगं सोमवार आलाय. दोन क्लिकचं काम आहे. माझ्यासाठी एवढं... हे बघ, चुकलं माझं, ठीक आहे? पर्सनली सांगतोय तुला."

"सर, मी देवळात आहे."

"हो हो, कर दर्शन. पण त्याआधी ते पान बघ ना. आधी माझं कर."

"आधी कसं होईल? माझ्याकडे खूप कामं आहेत." अक्षताचा आवाज अगदी शांत होता, शाळेत हजेरीला उत्तर द्यायची तसा. "तुम्ही असं करा, सर. नंबर लावा."

कोणता नंबर, असं त्याने विचारलं नाही. कळलं होतं. थोड्या वेळाने फोन आपोआप बंद झाला.

म्हातारीने पुन्हा ढोसलं, आणि दोघी पुढे सरकल्या.

देवीपुढे अक्षताने खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाने ओटी भरली. पुजारी 'चला, चला' करत होता. तिने काही मागितलं नाही. डोकं टेकलं आणि उठली. सुलक्षणाने मात्र डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. कुणासाठी ते तिने सांगितलं नाही. केयूरसाठीही असेल, तिचा स्वभावच तसा.

बाहेर येऊन अक्षता कट्ट्यावर बसली. पाय पुढे पसरले. दोन्ही टाचांचे फोड फुटले होते, बोटांना काळं डांबर चिकटलं होतं. सुलक्षणाने पाण्याची बाटली उघडून तिच्या पायांवर ओतली. आपल्या चपला काढून तिच्यापुढे सारल्या. आता नवस फिटला होता, म्हणून अक्षताने त्या निमूट घातल्या.

"झालं आता," सुलक्षणा म्हणाली. "देणं दिलंस. आता तरी सोड ना त्याला. ते पान तू सोमवारी..."

"नाही घालणार घडीत."

"बघ हां. घरी जाऊन विचार कर."

अक्षता पाय पुसत होती. मान वर न करता तिने विचारलं, "अंकात माझं लिहिणारेस ना?"

"आता कसं लिहू? सांग तू."

"लिही. सगळं लिही, डोशाचंसुद्धा. त्याचं नाव वर घाल, मोठ्या अक्षरात. माझं आत कुठेतरी येऊ दे." तिने चपलेचा पट्टा ओढून घट्ट केला आणि सुलक्षणाचं मनगट धरलं. "आणि एक कर माझ्यासाठी. तुला मोह होईल, मी ओळखते तुला. पण शेवटी मी त्याला माफ केलं, असं लिहू नकोस."